विश्लेषण : शिखरावर धावत जाण्याचा विक्रम गुन्हा कसा ठरला? ग्रँड टीटनवरील ‘शॉर्टकट’चा वाद काय सांगतो?

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील ग्रँड टीटन हे ४,१९९ मीटर उंचीचे शिखर. पायथ्यापासून धावत निघायचे, शेवटचे कातळटप्पे दोराशिवाय चढायचे, माथ्याला हात लावून पुन्हा पायथा गाठायचा, आणि हे सगळे तीन तासांच्या आत करायचे. डोंगरधावपटूंच्या जगात हा मानाचा विक्रम समजला जातो. २०२४ मध्ये एका धावपटूने तो मोडला. मात्र त्याच्या वाट्याला कौतुकाऐवजी खटला आला. कारण उतरताना त्याने वाटेतील एका वळणाला फाटा देऊन बंद केलेली जुनी पायवाट धरली होती. पुढे तो दोषी ठरला आणि अखेर अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला माफी दिली. एका वळणावरून प्रकरण इतके का तापले, डोंगरात धावण्याचे नियम कोण ठरवते आणि सह्याद्रीत धावणाऱ्यांसाठी त्यात काय धडा आहे, याचा हा वेध.

नेमके काय घडले?

२ सप्टेंबर २०२४ हा अमेरिकेतील कामगार दिनाच्या सुट्टीचा सोमवार होता. त्या दिवशी मिकेलिनो सन्सेरी या व्यावसायिक डोंगरधावपटूने ग्रँड टीटनची चढाई आणि उतराई मिळून सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली. १२ वर्षे टिकलेला विक्रम त्याने काही मिनिटांनी मागे टाकला. धावेचा जीपीएस आलेख आणि तपशील त्याने स्वतःच समाजमाध्यमांवर आणि धावपटूंच्या अ‍ॅपवर प्रसिद्ध केले.

वाद सुरू झाला तो या आलेखातूनच. उतरताना वनातील नागमोडी वाटेवरचे एक लांबलचक वळण घेण्याऐवजी तो जुन्या गिर्यारोहक वाटेने थेट खाली आल्याचे त्यात दिसत होते. ही वाट उद्यान प्रशासनाने बंद केली आहे. तिच्या दोन्ही टोकांना छोटे फलक आहेत. एकावर शॉर्टकटमुळे धूप होते असे लिहिले आहे, तर दुसऱ्यावर झाडोरा पुन्हा वाढावा म्हणून वाट बंद असल्याची सूचना आहे. सुट्टीमुळे मुख्य वाटेवर गर्दी होती, अरुंद वाटेवर लोकांना धक्का लागू नये म्हणून जुनी वाट घेतली, असे सन्सेरीचे म्हणणे होते. उद्यान प्रशासनाला ते पटले नाही. नियमभंगाबद्दल त्याच्यावर फौजदारी स्वरूपाचा गुन्हा दाखल झाला. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळानेही ही धाव मान्य केली नाही.

ग्रँड टीटन किती अवघड?

ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९२९ मधील. टीटन पर्वतरांगेतील हे सर्वोच्च शिखर दरीतून एकदम उभे उठते. मधे लहान टेकड्यांचा आधार नाही. लुपिन मेडोज या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे २,१०० मीटरची चढाई आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले की या चढाईचा अंदाज येतो. जाऊन-येऊन अंतर सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे जवळपास अर्धमॅरेथॉनएवढे. सर्वसाधारण गिर्यारोहक त्यासाठी दोन दिवस ठेवतात. एका दिवसात करायचे तर मध्यरात्रीनंतर निघून दुपार-संध्याकाळपर्यंत परततात.

वाट टप्प्याटप्प्याने बदलते. सुरुवातीला जंगलातून वळणे घेत जाणारी बांधीव पायवाट. पुढे गार्नेट कॅन्यनमध्ये घरांएवढे धोंडे. त्यानंतर घसारा आणि हिमनदीने मागे टाकलेल्या दगडगोट्यांचे ढिगारे. साधारण ३,५०० मीटरवर ‘लोअर सॅडल’ ही खिंड लागते. इथून पुढे चालणे जवळपास संपते आणि हातपाय दोन्ही वापरावे लागतात. ‘अप्पर सॅडल’ या वरच्या खिंडीनंतर ‘बेली रोल’ आणि ‘क्रॉल’ नावाचे दोन ट्रॅव्हर्स येतात. नावातच त्यांचे वर्णन आहे. पहिल्यात पुढे आलेल्या शिळेला बाहेरून बिलगून जायचे, दुसऱ्यात अरुंद कपारीतून सरपटायचे. तांत्रिकदृष्ट्या हे टप्पे फार कठीण नाहीत. मात्र पायाखाली शेकडो मीटरचा कडा असतो. सह्याद्रीतील भटके ज्याला दृष्टिभय म्हणतात, ते इथे पुरेपूर आहे. त्यानंतर कातळातील चिमण्या चढून माथा येतो.

या मार्गाचे नाव ओवेन-स्पाल्डिंग. १८९८ मध्ये याच वाटेने चार जण माथ्यावर पोहोचले. १८७२ मध्येच आपण शिखर गाठल्याचा दावा त्याआधी दोघांनी केला होता. त्यावरून सुरू झालेला वाद अनेक दशके चालला. ‘माथ्यावर आधी कोण’ हे भांडण या शिखराला नवे नाही.

ट्रेल रनिंग आणि स्क्रॅम्बलिंग यांत फरक काय?

ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेवर धावणे. त्यात वेगापेक्षा चढ, उतार, दगड, चिखल आणि उंची यांचा हिशेब मोठा. तीव्र चढावर जगातील उत्तम धावपटूही धावत नाहीत. गुडघ्यांवर हात टेकवून भराभर चालतात. खरा फरक उतारावर पडतो. घसाऱ्यावर पाय किती विश्वासाने पडतो, यावर मिनिटे वाचतात किंवा गमावली जातात.

स्क्रॅम्बलिंग ही चालणे आणि प्रस्तरारोहण यांच्या मधली अवस्था. हाताचा आधार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण दोर लागेलच असेही नाही. अमेरिकेत डोंगरवाटांची एक ते पाच अशी श्रेणी वापरतात. पहिल्या श्रेणीत साधी पायवाट, तिसऱ्यात हातांचा आधार, चौथ्यात पडल्यास जीव जाऊ शकेल असा टप्पा आणि पाचव्या श्रेणीत दोर लावून करायचे प्रस्तरारोहण. ओवेन-स्पाल्डिंग मार्गाचा सर्वात अवघड भाग पाचव्या श्रेणीच्या खालच्या पायरीत, म्हणजे ५.४ वर मोडतो. कसलेल्या प्रस्तरारोहकासाठी तो सोपा आहे. पण धाप लागलेली असताना, चार हजार मीटरच्या विरळ हवेत, हलके बूट घालून, दोराशिवाय तोच टप्पा चढणे आणि विशेषतः उतरणे हे वेगळे काम आहे. इतर गिर्यारोहक उतरताना दोर लावून रॅपलिंग करतात. विक्रमासाठी धावणारा मात्र तोंड कातळाकडे करून हातापायांनी उतरतो.

‘एफकेटी’ म्हणजे काय? पंच कोण?

अशा धावांना ‘फास्टेस्ट नोन टाइम’, म्हणजे ‘ज्ञात असलेली सर्वात जलद वेळ’ म्हणतात. धावपटूंच्या बोलीत ‘एफकेटी’. यातील ‘ज्ञात’ हा शब्द महत्त्वाचा. कदाचित कुणी अनाम माणूस याहून वेगाने जाऊनही आला असेल, पण त्याची नोंद नाही, अशी कबुली या शब्दातच आहे. इथे ना शर्यत, ना छातीवर क्रमांक, ना पंच. धावपटूने आपला दिवस निवडायचा, घड्याळ लावायचे आणि निघायचे.

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील काही धावपटूंनी अशा वेळा एका ठिकाणी नोंदवायला सुरुवात केली. त्यातून पुढे संकेतस्थळ उभे राहिले. बाहेरची मदत घेतली का, वाटेत आधी अन्नपाणी ठेवले होते का, की सर्व काही स्वतःच वाहून नेले, यानुसार नोंदींचे प्रकार पडतात. पुराव्यासाठी जीपीएस आलेख लागतो. २०२० मध्ये करोनामुळे शर्यती रद्द झाल्या, तेव्हा सराव करून बसलेले धावपटू मोठ्या संख्येने एफकेटीकडे वळले आणि हा प्रकार जगभर पसरला.

या खेळाचा पाया विश्वास आहे. स्थानिक नियम पाळावेत, ठरलेला मार्ग सोडू नये आणि खरे सांगावे, एवढीच अपेक्षा. पण ‘ठरलेला मार्ग’ कोणी ठरवायचा, हा प्रश्न ग्रँड टीटनवर फार आधीच उभा राहिला होता.

२०१२ मध्ये ५९ सेकंदांचा वाद काय होता?

१९८३ मध्ये ब्रायस थॅचर या धावपटूने ३ तास ६ मिनिटे २५ सेकंद अशी वेळ नोंदवली. ती तब्बल २९ वर्षे टिकली. ऑगस्ट २०१२ मध्ये स्पेनच्या कॅटलोनियातील किलियन जोर्नेट अमेरिकेत आला आणि २ तास ५४ मिनिटे १ सेकंदात परतला. जोर्नेट हा या पिढीचा सर्वात नावाजलेला डोंगरधावपटू. मात्र उतरताना त्याने वळणे तोडली होती. युरोपातील शर्यतींत अशी मुभा अनेक ठिकाणी असते. अमेरिकेत मात्र स्थानिक धावपटूंनी नाराजी व्यक्त केली.

जेमतेम दहा दिवसांनी राष्ट्रीय उद्यानांत गिर्यारोहण रेंजर म्हणून काम केलेल्या अँडी अँडरसनने तीच धाव २ तास ५३ मिनिटे २ सेकंदांत पूर्ण केली. जोर्नेटपेक्षा ५९ सेकंद कमी, तेही बांधीव वाटेवरचे प्रत्येक वळण पायाखाली घालून. स्थानिकांच्या दृष्टीने वाद तिथेच मिटला. वळणे न तोडताही विक्रम होऊ शकतो, हे अँडरसनने घड्याळावरच दाखवून दिले होते. सन्सेरीच्या धावेकडे पाहताना अनेकांना हीच तुलना आठवली. त्याने मागे टाकलेली वेळ वळणे न तोडणाऱ्याची होती. म्हणून दोन्ही धावा एकाच अंतराच्या मानायच्या का, हा प्रश्न कायद्याच्याही आधी खेळाचा होता.

एक वळण तोडल्याने बिघडते काय?

डोंगरउतारावरची वाट वळणे घेत जाते ती केवळ चालणाऱ्याची दमछाक कमी व्हावी म्हणून नाही. पाणी नेहमी सर्वात तीव्र उताराची दिशा पकडते. वाट उताराला आडवी असली की पाणी ती ओलांडून पुढे जाते. वाट थेट उताराच्या दिशेने खाली गेली की तिचाच पाट होतो. पावलांनी माती दाबली जाते, तिच्यात पाणी मुरत नाही, ते वरून वेगाने वाहते आणि माती घेऊन जाते. पहिल्या वर्षी रेघ दिसते, काही वर्षांत घळ होते. घळीतून चालणे अवघड झाले की लोक तिच्या कडेने नवी वाट पाडतात, आणि पट्टा रुंदावत जातो.

उंचावरील भागात हे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो. बर्फ वितळल्यानंतरचा वाढीचा हंगाम काही आठवड्यांचाच असतो, मातीचा थर पातळ असतो. एकदा मुळे उघडी पडली की झाडोरा परत यायला वर्षानुवर्षे जातात. एका माणसाच्या दोन पावलांनी डोंगर ढासळत नाही, हे खरे. पण वाट कोणाही एकाच्या पावलांनी पडत नसते. आज एकाने घेतलेला शॉर्टकट उद्याच्या दहा जणांना वाट वाटतो. विक्रमवीराचा जीपीएस आलेख तर हजारो लोक पाहतात, उतरवून घेतात आणि त्यावरून धावतात. उद्यान प्रशासनाची मुख्य चिंता हीच होती.

न्यायालयात काय झाले?

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत, एकाच वाटेच्या दोन भागांमधील अंतर कमी करण्यासाठी वाट सोडण्यास मनाई करण्याची तरतूद आहे. त्याचा भंग हा किरकोळ वर्गातील, पण फौजदारी गुन्हा. कमाल शिक्षा सहा महिने कैद आणि पाच हजार डॉलर दंड. उद्यानात प्रवेशबंदीच्या अटीसह पुढे आलेली तडजोड सन्सेरीने नाकारली आणि मे २०२५ मध्ये खटला उभा राहिला.

बचाव पक्षाचे मुद्दे साधारण तीन होते. फलक लहान आणि संदिग्ध आहेत. यापूर्वी अनेकांनी, त्यात नामवंत धावपटूही आले, हीच वाट वापरली, पण कारवाई त्यांच्यावर झाली नाही. आणि डोंगरातल्या वळणासाठी कैदेची तरतूद असलेला गुन्हा नोंदवणे अप्रमाणित आहे. सरकारी पक्षाचे म्हणणे सरळ होते. वाट बंद आहे हे या धावपटूला ठाऊक होते, आणि विक्रमासाठी त्याने ती निवडली.

याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये वारे बदलले होते. प्रशासकीय नियमांच्या भंगासाठी फौजदारी खटल्यांचा अतिरेक नको, असा आदेश अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मे २०२५ मध्ये काढला. त्यापाठोपाठ राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मुख्यालयाने या खटल्याचा पाठिंबा काढून घेत असल्याचे ईमेलने कळवले. सरकारी वकिलांनी तरीही खटला पुढे नेला. ही बाब नंतर उघड झाली आणि काँग्रेसमधील काही सदस्यांनी त्यावर प्रश्न उपस्थित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सन्सेरीला दोषी ठरवले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी त्याला माफी दिली आणि शिक्षेचा प्रश्नच संपला. विक्रम मात्र माफीने परत आला नाही. खेळाच्या नोंदवहीवर अध्यक्षांची सही चालत नाही.

इतर देशांत वेगळे नियम आहेत का?

डोंगरधावण्याची परंपरा जिथे वाढली, तिथले नियमही त्या भूमीतून आले. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फेल रनिंग’ हा जुना खेळ आहे. १९३२ मध्ये बॉब ग्रॅहम यांनी तेथील ४२ माथे २४ तासांच्या आत धावत पूर्ण केले. आजही तो फेरा धावपटूंच्या कसोटीचा समजला जातो. तिथे दोन माथ्यांमध्ये कोणती रेघ धरायची, हे धावणाऱ्याचे कौशल्य. धुक्यात नकाशा आणि होकायंत्र वापरून योग्य उतार शोधणे हाच खेळाचा भाग. तेथील गवताळ डोंगर आणि मेंढरांच्या वाटांवर ही प्रथा रुजली.

आल्प्समध्ये वेग हाच गिर्यारोहणाचा एक प्रकार आहे. इटलीच्या ब्रुनो ब्रुनोद यांनी १९९५ मध्ये मॅटरहॉर्न हे शिखर सव्वातीन तासांच्या आत चढून-उतरून दाखवले. २०१३ मध्ये जोर्नेटने ती वेळ २ तास ५२ मिनिटांवर आणली. तिथे बहुतांश वाट कातळाचीच असल्याने मातीच्या धुपीचा प्रश्न ग्रँड टीटनएवढा टोकदार नाही. म्हणजे ‘वळण तोडणे’ हे सर्वत्र सारखेच पाप नाही. पण पाहुण्याने यजमानाच्या घरचे नियम पाळावेत, एवढे तत्त्व सगळीकडे समान आहे.

वेगामुळे धोका वाढतो की कमी होतो?

याला दोन्ही बाजू आहेत. उंच डोंगरावर उन्हाळ्यात दुपारनंतर वादळे येतात. जो लवकर वर जाऊन लवकर उतरतो, तो धोक्याच्या पट्ट्यात कमी वेळ राहतो. २१ जुलै २०१० रोजी ग्रँड टीटनच्या वरच्या भागात विजा कोसळल्या, तेव्हा १७ गिर्यारोहक तेथे अडकले होते. जेनी लेकच्या बचाव पथकाने हेलिकॉप्टरच्या साहाय्याने १६ जणांची सुटका केली. एकाचा पडून मृत्यू झाला. अशा ठिकाणी वेग हे एक प्रकारचे संरक्षणच आहे.

दुसरी बाजू अशी, की वेगासाठी वजन कमी करावे लागते आणि वजन कमी करताना आधी गरम कपडे जातात. धावत असताना शरीर स्वतःच उष्णता तयार करते. पाय मुरगळला, वाट चुकली किंवा दमून थांबावे लागले की ती बंद होते. घामाने भिजलेले पातळ कपडे आणि वारा यांची गाठ पडली की काही मिनिटांत थंडी शरीरात शिरते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत हेच घडले. गारा, पाऊस आणि वादळी वाऱ्यात २१ धावपटूंचा मृत्यू झाला. त्यांत त्या देशातील आघाडीचे धावपटूही होते. त्या भागातील एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवले, म्हणून ते वाचले. धावपटूंकडे कौशल्य होते, ऊब नव्हती.

स्क्रॅम्बलिंगमध्ये आणखी एक गोष्ट येते. चढताना जमलेला टप्पा उतरताना जमेलच असे नाही, कारण उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही. म्हणून अनुभवी मंडळी एक साधा नियम पाळतात. जो टप्पा दोराशिवाय उतरता येणार नाही, तो दोराशिवाय चढायचा नाही. ग्रँड टीटनवर विक्रम करणाऱ्यांनी ही वाट आधी कित्येकदा सावकाश केलेली असते. प्रत्येक खाच त्यांना हाताने ठाऊक असते. चित्रफितीत दिसतात ती फक्त शेवटची तीन तासांची धावपळ. त्यामागची वर्षे दिसत नाहीत.

सह्याद्रीसाठी यात काय धडा?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ट्रेल रनिंग झपाट्याने वाढले आहे. सिंहगड-राजगड-तोरणा ही ट्रेकर मंडळींची जुनी वाट आता धावपटूंचीही झाली आहे. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायवाटेवर सराव करणारे धावपटू आणि सहकुटुंब आलेले पर्यटक एकाच अरुंद वाटेवर असतात. ग्रँड टीटनवर सुट्टीच्या दिवशी जो पेच होता, तोच इथेही आहे. धावणाऱ्याने थांबावे की वाट सोडावी?

सह्याद्रीतील सगळ्याच वाटा आखीव नाहीत. अनेक मूळच्या ढोरवाटा आहेत, काही गावकऱ्यांच्या लाकूडफाट्याच्या, काही नाळेतून सरळ चढणाऱ्या. त्यामुळे ‘वाट सोडू नका’ हा नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण निसर्गाचा नियम तोच आहे, आणि इथे तो अधिक कठोर आहे. टीटनमध्ये वर्षाचा बराच काळ वाट बर्फाखाली असते. इथे चार महिने मुसळधार पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरमध्ये उतारावर पाडलेला शॉर्टकट म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. गर्दीच्या गडांवर मूळ वाटेच्या शेजारी दोन-तीन समांतर घळी पडलेल्या कोणालाही दिसतील.

प्रश्न केवळ मातीचा नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. राजगड आणि साल्हेर यांच्यासह मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. या किल्ल्यांवर तटबंदीच्या ढासळलेल्या भागातून ‘जवळची वाट’ काढणे म्हणजे इतिहासाचा दगड सैल करणे. पावसाळ्यात धोकादायक ठिकाणी जिल्हा प्रशासन अधूनमधून बंदी आदेश काढते. त्यांचे पालन आणि अंमलबजावणी दोन्ही अर्धवट राहतात. फलक छोटा होता, आधी सगळेच जात होते, मलाच का अडवले, हे सन्सेरीच्या बचावातले मुद्दे आपल्याकडे कोणत्याही गडाच्या पायथ्याशी ऐकू येतील.

अलंग, मदन, कुलंगसारख्या दुर्गम गडांवर स्क्रॅम्बलिंगचा धोकाही तितकाच खरा आहे. तिथे कातळटप्प्यांवर दोर आणि माहितगार लागतात. सरावलेला धावपटू ते टप्पे झरझर पार करताना चित्रफितीत दिसतो, आणि पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच डोंगरात आलेला कुणी तसाच प्रयत्न करतो. अडकला तर बचावासाठी धावून जातात ते स्थानिक गावकरी आणि स्वयंसेवी गिर्यारोहक.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय?

सन्सेरी प्रकरणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले. एका वळणासाठी एखाद्याला कैदेची भीती घालावी का, हा एक. यावर अमेरिकेतील पर्यावरणप्रेमींमध्येही एकमत नाही. दंड, उद्यानात श्रमदान किंवा वाटदुरुस्तीचे काम ही शिक्षा अधिक शहाणपणाची ठरली असती, असे मानणारे अनेक आहेत. ज्याच्या पावलांनी वाट बिघडली, त्याच्याच हातांनी ती दुरुस्त व्हावी, यात न्यायही आहे आणि शिकवणही. आदल्या शंभर जणांना सोडून एकालाच पकडणे योग्य का, हाही रास्त प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर सगळ्यांना सोडणे हे नसून आधीपासून नीट फलक लावणे आणि नियम सर्वांना सारखे लागू करणे हे आहे.

दुसरा प्रश्न खेळाचा, आणि त्याचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. ज्या खेळात पंच नाही, तिथे नियम पाळणे हीच स्पर्धेची अट असते. ती मोडली की घड्याळातल्या आकड्याला अर्थ उरत नाही. खटला संपला, माफी मिळाली, पण २०१२ मधील २ तास ५३ मिनिटे २ सेकंद ही वेळ आजही धावपटूंच्या बोलण्यात तोलून धरली जाते, ती याच कारणाने. त्या वेळेत डोंगरातले प्रत्येक वळण मोजलेले आहे.